जीन्सच्या पायांची भिंत

माझ्या नणंदेला आमच्या गल्लीत सगळे भोंगा म्हणतात, आणि ते नाव मीच ठेवलंय. दारातून आत आली की तिला पाण्याशिवाय दुसरा विषय नसायचा. नदी किती चढली, उन्हाळा कसा लांबला, पाऊस कसा चार महिन्यांचं काम एका दिवसात उरकून जातो. मी म्हणायचे, "अगं, आधी चहा तरी घे, मग बुडव आम्हाला." ती चहा घ्यायची आणि मग बुडवायची.

आमची गल्ली शिवणाऱ्यांची. एका टोकाला नदीकाठचा रस्ता, दुसऱ्या टोकाला चढ्या पायऱ्या, आणि मधे दोन्ही बाजूंना अरुंद, उंच घरं. खाली मशिनी, वर संसार. कुणी पँट शिवतं, कुणी कॉलर, कुणी जन्मभर नुसती काजंच करतं. सकाळी मशिनी सुरू झाल्या की पायाखालची फरशी गुणगुणायला लागते. बाहेरच्याला ते ऐकू येत नाही, आम्हाला ते थांबलं की झोप लागत नाही.

या गल्लीचे मास्तर म्हणजे माझे सासरे. निम्मी गल्ली त्यांच्याकडे कात्री धरायला शिकली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांनी मला शिकवलं, माझ्या आईलाही माझ्यासाठी जमला नसता इतका धीर धरून. फक्त तोंडावर कौतुक करायची त्यांची रीत नव्हती. कपडा अंगावर नीट उतरला, कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही, की ते मान तिरकी करून एकच शब्द बोलायचे, "बसलं." त्या एका शब्दासाठी लोक तीनतीनदा उसवून शिवायचे. मला तो मिळाला तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते.

त्यांच्या पोटच्या लेकीला मात्र तो कधीच मिळाला नाही. भोंग्याची टीप सरळ रेषेत जायचीच नाही. शेवटी तिने मशीन सोडलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. बापलेकीत भांडण असं कधी नव्हतं. पण ती घरी आली की त्यांचं कापडाकडे जास्त लक्ष असायचं आणि तिचं पाण्याकडे.

मागच्या मोठ्या पुरात गल्लीत छातीइतकं पाणी चढलं होतं. मशिनी गंजल्या, कापडाचे तागे सडले. पूर्वी असा पूर आयुष्यात एखादा यायचा आणि म्हातारी माणसं त्याची गोष्ट सांगायची. आता एकाची गोष्ट सांगून होत नाही तोवर दुसरा दारात. पाणी ओसरल्यावर भोंग्याने प्रत्येक घराच्या भिंतीवर शिंप्याच्या खडूने रेघ ओढली, पाणी इथवर आलं होतं म्हणून. आम्ही भिंत पुसली की ती परत ओढायची. पालिकेत तर तिने इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई तिच्या चपलांचा आवाज ओळखायला लागला. गल्लीच्या तोंडाशी भिंत बांधणं पुढच्या टप्प्यात आहे, असं उत्तर मिळायचं. पुढचा टप्पा नेहमी पुढेच असतो.

"तहान लागली की विहीर खणायची ही आपली खोड आहे, वहिनी," ती एकदा म्हणाली. "या वेळी आधी खणू या."

आणि बाईने खणायला घेतलं. वरच्या अंगाच्या वस्त्यांमधल्या लोकांना धरून काठावर झाडं लावून घेतली. आमच्याकडून गटारं उपसून घेतली, आमच्या नाकाला फडकी बांधून. पुलाजवळ सायकली दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिला नदीतल्या जुन्या दगडी खांबावर नजर ठेवायला सांगितलं. खांबाचं डोकं बुडालं की फोन. आणि आमच्यासाठी तिने काम काढलं ते जीन्सच्या पायांचं.

कारखान्यांनी नाकारलेल्या जीन्सचे ढीग आमच्या घराघरांत पडून होते. पाय कापायचा, खालचं तोंड शिवायचं आणि वाळू भरायची. अशा पिशव्या हजारांनी हव्यात, म्हणाली. इथवर सगळं ठीक होतं. पण पुढे ती म्हणाली, "अर्ध्याहून थोडीच जास्त भरा. वरचं तोंड शिवू नका, नुसतं दुमडून पिशवीखाली घाला."

गल्लीला हे झेपलं नाही.

"अर्धवट भरायची आणि वर तोंड उघडं?" समोरची काजवाली म्हणाली. "लोक बघतील तर काय म्हणतील?"

"लोक नाही गं, नदी येणार आहे बघायला."

"मग नदीला तरी काय वाटेल!"

मास्तरांनी एक पिशवी उचलून बघितली. ती त्यांच्या हातात लोंबकळली. त्यांनी ती दोन बोटांत धरून खाली ठेवली. "आपल्या हातून ढिलं काम जाणार नाही," म्हणाले. झालं. मास्तर बोलले म्हणजे संपलं. आम्ही प्रत्येक पाय गच्च भरला, ठासून, टणक होईपर्यंत, आणि वरचं तोंड दाभणाने दुहेरी शिवलं. भोंगा घसा फोडून सांगत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी. काय देखण्या पिशव्या झाल्या होत्या! गोल, भरीव, एकीवर सुरकुती नाही. गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या दुकानात आम्ही त्या छतापर्यंत रचल्या आणि येताजाता त्यांच्याकडे बघून सुखावत राहिलो. मास्तरांनी स्वतः बसून कितीतरी शिवल्या.

मग उन्हाळा आला, तो जाईचना. त्या काहिलीत एका दुपारी मास्तर स्टुलावर चढून वरचा तागा काढायला गेले, घेरी आली आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले. पायाला वजन बांधायचं आणि हाड जुळेपर्यंत अजिबात हलवायचं नाही. दवाखाना ऊन लागलेल्या माणसांनी ओसंडत होता, त्यामुळे त्यांना घरी आणून खालच्या खोलीत खिडकीजवळ झोपवलं. वर नेणं शक्यच नव्हतं. आमचा जिना गोल आणि इतका अरुंद की कपाटसुद्धा आम्ही खिडकीतून दोर लावून चढवलं होतं.

आणि त्या कॉटच्या वर, भिंतीवर, भोंग्याची खडूची रेघ होती. झोपलेल्या माणसाच्या बरीच वर.

ज्या सकाळी फोन आला त्या सकाळी आमच्याकडे साधी भुरभुर होती. पाऊस वर डोंगरात पडत होता. सायकलवाली म्हणाली, "खांब गेला." भोंगा शाळेतून धावत आली. मी अँब्युलन्सला फोन लावला. नदीकाठचा रस्ता आधीच पाण्याखाली गेला होता आणि दुसरीकडच्या पायऱ्यांवरून स्ट्रेचर निघत नाही. डॉक्टरांना विचारलं, चादरीत घालून जिन्याने वर चढवू का? त्यांनी आधी जिना किती रुंद आहे ते विचारलं. मग म्हणाले, "दुसरा इलाजच उरला नाही तर करा. त्यांचं हृदय सहन करेल असं मात्र मी म्हणणार नाही."

आमच्या यांनी जाड चादर काढली, शेजारच्या तिघांना बोलावलं आणि ते चौघे कॉटभोवती उभे राहिले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मेलो नाही अजून," म्हणाले. "खांदा द्यायला एवढी घाई कशाला? तुम्ही वर जा. मी माझं बघतो."

"काय बघणार, बाबा? पोहता येतं तुम्हाला?" मी म्हटलं. मी कमरेला ओढणी बांधली आणि बाहेर पडले.

बाहेर अख्खी गल्ली रांगेत उभी होती. हे आमचं आम्हालाच नवीन होतं. दोन घरं पाणी भरण्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, ती शेजारी शेजारी उभी राहून हातात हात दिल्यासारख्या पिशव्या देत होती. गटारांच्या तोंडांवर पिशव्या पडल्या. मग गल्लीच्या तोंडाशी भिंत उठायला लागली, निळी, काळी, राखाडी, कुठे खिसा, कुठे गुडघ्यावरच्या मुद्दाम फाडलेल्या फॅशनवर आमचं ठिगळ. कंबरेच्या वर गेली. एक पिशवी इकडची तिकडे नाही. काजवाली मागे सरून म्हणाली, "फोटो काढण्यासारखी झालीय."

मग नदी आली.

मी पूर पूर्वी पाहिलेला होता, पण नेहमी वरच्या खिडकीतून. समोरून येताना कधी पाहिला नव्हता. आवाज करत येईल असं वाटलं होतं. ती गुपचूप आली, तपकिरी, रुंद, आपल्याच घरात फिरणाऱ्या माणसाच्या चालीनं. काठचा बाक दिसेनासा झाला. दिव्याचा खांब आखूड व्हायला लागला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. एवढं मोठं काहीतरी आपल्याकडे येतंय आणि त्याला आपल्याविषयी रागसुद्धा नाही, हे बघून मी दोन पावलं मागे सरले.

पाणी भिंतीला टेकलं आणि सरळ आत आलं.

भिंत पडली वगैरे नाही. ती होती तशीच ताठ उभी होती. पण गोल पिशवीला गोल पिशवी कितीशी चिकटणार? प्रत्येक दोघींच्या मधे फट होती, आणि प्रत्येक फटीतून पाण्याची धार. आम्ही फटींत चिंध्या कोंबल्या, त्या वाहून गेल्या. आणखी पिशव्या आणल्या, आणखी फटी झाल्या. अति तिथं माती म्हणतात, आमच्याकडे ती माती आम्ही दुहेरी टीप मारून बंद करून ठेवली होती. पाणी घोट्यापर्यंत आलं.

भोंगा भिंतीपाशी उभी होती. "मी सांगत नव्हते?" एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. ती म्हणाली नाही. "ही राहू दे अशीच," म्हणाली. "हिच्या मागे दुसरी रचू. दुकानातल्या पिशव्यांची तोंडं उसवा, वाळू कमी करा, दुमडून ठेवा. अजून वेळ आहे."

कुणी हललं नाही. मला त्यांचं कळत होतं. समोर नदी, हातात एकुलती एक भक्कम वस्तू, आणि ही बाई म्हणतेय ती ढिली करा. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांना विचारा."

मी दुकानातून हाताला लागली ती पिशवी उचलली, छातीशी धरली आणि घराकडे पळाले. उंबऱ्याच्या पायरीला पाणी लागलं होतं. आत ते चौघे चादरीची टोकं हातात घेऊन तयार होते. मी पिशवी मास्तरांच्या कुशीत ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. पाणी फटींतून येतंय, आणि तुमची लेक उसवा म्हणतेय.

त्यांनी पिशवीवर तळवा दाबला. ती दबली नाही. मग त्यांची बोटं वर सरकत तोंडाशी गेली, शिवणीवरून फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधेच थांबली.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

बाहेरून धारांचा आवाज येत होता.

"कात्री दे."

मी उशाशी असलेली त्यांची कात्री दिली. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवल्या होत्या, स्वतःची उसवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिला टाका कापला, दुसरा कापला, मग दोरा एका झटक्यात ओढून काढला. वाळू चादरीवर सांडली. त्यांनी पिशवी पुन्हा दाबली. ती त्यांच्या हाताखाली पसरली आणि त्यांच्या बरगड्यांना जाऊन लागली. मधे कुठे फट राहिली नाही.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "उसवा! तिचं ऐका! उसवा सगळं!"

तो आवाज गल्लीभर गेला.

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. वीज आधीच गेली होती. मशिनी बंद, माणसं गप्प. आणि त्या शांततेत सगळीकडून एकदम कात्र्यांचा आवाज सुरू झाला. दारांत, पायऱ्यांवर, घोटाभर पाण्यात उभ्या राहून बायका-पुरुष टाके कापत होते. शिवायला आम्हाला महिने लागले होते. पण उसवण्यात आमचा हात धरणारं जगात कुणी नसेल. चूक आमचीच होती, आणि ती निस्तरायला लागणारी बोटंही आमच्याकडेच होती. काढलेली वाळू वाया गेली नाही, रिकाम्या पायांत भरली, आणि पिशव्या वाढतच गेल्या. चष्मा सापडत नसलेला एक म्हातारा डोळे मिटून उसवत होता आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे होता.

भोंगा भिंतीशी वाकून एकेक पिशवी ठेवत होती, तोंड खाली दुमडून, वरून पायाने दाबून. दबलेली पिशवी शेजारणीच्या अंगावर रेलायची, तिच्या कुशीत शिरायची. पहिला थर झाला. दुसरा झाला. गबाळी, सुरकुतलेली, वेडीवाकडी भिंत. धारा बारीक झाल्या. मग नुसत्या ओघळल्या. काजवाली बादलीने पाणी उपसता उपसता थांबली आणि म्हणाली, "बघा, बघा, येत नाहीये."

खरंच येत नव्हतं.

मी पुढे जाऊन भिंतीला दोन्ही हात लावले. पलीकडे पाणी माझ्या कंबरेच्या वर होतं आणि अजून चढत होतं. जाड कापडातून त्याचा गारवा माझ्या तळव्यांना लागत होता, आणि एक दाब, संथ, सतत. अख्खी नदी तिथे टेकून उभी होती. आणि इकडून आम्ही. नाकारलेल्या कुठल्याशा जीन्सचा गुडघा माझ्या हाताखाली होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीती होतीच, पण ती लहान झाली होती. मी आजूबाजूला पाहिलं तर रांगेतली सगळी तशीच उभी होती, भिंतीला हात लावून, एक शब्द न बोलता. या माणसांना मी रोज दोऱ्याच्या रिळावरून भांडताना बघते. ही एवढी मोठी आहेत हे मला माहीतच नव्हतं.

दुपार कलली तेव्हा सायकलवालीचा फोन आला. खांबाचं डोकं दिसायला लागलं होतं.

घरात पाणी शिरलं होतं ते कॉटच्या पायांना भिजवण्याइतकंच. आमच्या यांनी चादर घडी करून कपाटात ठेवली. मास्तर जागे होते. उसवलेली पिशवी अजून त्यांच्या कुशीतच होती आणि पलंगभर वाळू. एरवी अंथरुणात वाळू दिसली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

भोंगा दारात आली, गळ्यापर्यंत चिखलाने माखलेली. आत येऊ की नको, अशी उभी. मास्तरांनी तिला हाताने जवळ बोलावलं.

"किती भरायची असते, दाखव मला."

ती कॉटच्या कडेला बसली. सांडलेली वाळू ओंजळीने गोळा करून तिने पिशवीत टाकली, आणखी थोडी टाकली, थांबली. तोंड दुमडून खाली घातलं आणि पिशवी त्यांच्या मांडीशेजारी ठेवून हलकेच दाबली. पिशवी त्यांच्या मोडक्या पायाच्या कडेने अलगद पसरली.

मास्तरांनी तिच्यावरून हात फिरवला. कुठे ओढ आहे का, कुठे झोळ आहे का, पुन्हा पुन्हा बघितलं. मग उशीवरच मान तिरकी केली.

"बसलं," ते म्हणाले.

माझी नणंद त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून अख्खी गल्ली पुन्हा पाणी आलं की काय म्हणून बादल्या घेऊन आमच्या दारात धावत आली.